आलेच

ग्लेनरॉय खुर्ची पुढं ओढतो. लाकडी,
एका पायाला सुतळी गुंडाळलेली.
"हिच्यावरच उशीर टांगायचो आम्ही," म्हणतो.
टेपचा वेढा मशीनमधून निघायचा,
खुर्चीच्या पाठीला वळसा घालून परत यायचा.
खुर्ची दाराशी नेली की गाणारणीला वाटायचं
आपणच बाहेरून आत येतोय.
मोजमाप फुटात.
कुणाचा पाय लागला तर पडसादही अडखळायचा.

माझ्याकडे खुर्ची नाही. स्क्रीनवर एक चौकोन,
त्यात तीन बटणं: वेळ, परतावा, कोरडं-ओलं.
ताल बहात्तरचा. मी सहाशे पंचवीस लिहिते,
मिलिसेकंद.
तो त्या आकड्याकडे बघतो
दुसऱ्या कुणाच्या औषधाची चिठ्ठी वाचावी तसा.

किंग्स्टन, दुपारचे तीन.
पत्र्याचं कुंपण तापून टकटक वाजतंय.
एसी आवाज करतो म्हणून बंद,
भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेले,
त्यातला एक सुटलाय, लोंबतोय.

डोरेटची टेप आधी मंद आचेवर भाजावी लागली,
आठ तास, नाहीतर थर निघून आला असता.
गाणं निम्म्यावर तुटतं.
हेडफोन काढल्याची खडखड,
आणि मग माइकपासून लांब, हसत, कुणाला तरी:
"आलेच."

आमच्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही.
आलेच म्हणतात, आणि बर्फ आणायला जातात,
किंवा बस पकडायला, किंवा बर्मिंगहॅमला.
डोरेट बर्फ आणायला गेली होती.
"एकोणऐंशी साल," ग्लेनरॉय म्हणतो.
"बाटल्या उघडून बसलो होतो की आम्ही."

मी तो शब्द कापून वेगळा ठेवते,
त्याच्यामागे उशीर सोडते.

आलेच
      लेच
            एच
                  च

परतावा चाळीस टक्के: पायऱ्या उतरून जातो.
साठ: फाटकापर्यंत, फाटकाची कडी वाजवून.
पंच्याऐंशीला शब्द शब्द राहत नाही,
नुसतं च च च,
कुणी कोंबड्यांना दाणे टाकतंय जणू.
शंभरच्या वर नेऊ नये हे ठाऊक होतं मला.
तिथं परतणारा आवाज आधीच्याहून मोठा होत जातो,
थकत नाही, खोलीच खाऊन टाकतो.
मी नेलं.
लोंबता ट्रे थरथरायला लागला.
ग्लेनरॉयनं एका बोटानं माझं मनगट खाली दाबलं:
"बोलवायचं, केरीएन. ओढायचं नाही."

चाळीस-एक वर्षं स्पीकरच्या भिंतीपाशी उभं राहून
त्याच्या कानांचं वरचं टोक झिजलंय.
झांज नाही, स नाही, श नाही, पाखरं नाहीत.
म्हणून मी फिल्टर लावते, दर फेरीला धार थोडी कमी.
दुसरी फेरी बोथट,
तिसरी घोंगडीतून बोलल्यासारखी.
तिसरीला त्याची मान वर होते.
"हां. आत्ता बोलली."

म्हणजे पहिल्या दोन वेळा
ती फक्त माझ्याशी बोलत होती.
मला तर ती कोण हेही माहीत नाही.

मग मी कोरडं शून्यावर आणते.
मूळ शब्द गेला, फक्त ओला उरला.
हाक नाहीच, नुसती ओ,
तीही उशिरानं, बासच्या दोन सुरांमधून अंग चोरत.
ग्लेनरॉय डोळे मिटतो.
खुर्ची मागच्या दोन पायांवर कलते, सुतळी करकरते.

आणि वीज जाते.

स्पीकर मुके. पंखा गिरक्या मोजत थांबतो.
लॅपटॉप बॅटरीवर चालूच,
हिरव्या पट्ट्या वर-खाली, आवाजाशिवाय.
ग्लेनरॉयची मान हलतेय अजून.
मी पट्ट्यांकडे बघते, मानेकडे बघते:
एका तालात. एकदाही चुकत नाही.

कधीतरी तो विचारेल, संपलं का म्हणून.
मी प्ले थांबवत नाही.
बाहेर कुणीतरी जनरेटरची दोरी ओढतंय,
एकदा,
पुन्हा एकदा, जरा हळू.
लागत नाही.